आधी यादी, मग चोर

(पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा, पण वाचा.)

२०२४ च्या पावसाळ्यात पैठण, अंबड, गेवराई या पट्ट्यात रात्री ड्रोन फिरतात म्हणून कशी खळबळ उडाली होती, ते आठवत असेल. गावोगाव जागता पहारा सुरू झाला. पोरं काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन वेशीवर. ड्रोन कुणाचे, कशासाठी, यावर दहा तोंडं आणि दहा तर्क. पण फोनवर ज्यांच्याशी बोललो त्यातल्या बऱ्याच जणांचं एक वाक्य मात्र सारखं होतं. "गावाबाहेर पालं उतरलीत, आधी त्यांना हलवायला पाहिजे."

आता जरा विचार करा. ड्रोन विकत घ्यायला पैसा लागतो, चालवायला शिकावं लागतं, बॅटरी चार्ज करायला वीज लागते. पालात साधा मोबाईल चार्ज करायचा तर हॉटेलवाल्याच्या हातापाया पडावं लागतं. तरी बोट पालाकडंच. हे बोट आपोआप तिकडं वळत नाही. कुणीतरी, कधीतरी ते तिकडं वळवलेलं असतं, आणि मग पिढ्यानपिढ्या ते तसंच राहतं. ते कुणी वळवलं याचा इतिहास आपल्याकडं शाळेत शिकवत नाहीत, म्हणून ही पोस्ट.

त्याआधी एक उजळणी. जून २०१८. मुलं पळवणारी टोळी आली आहे, दरोडेखोर फिरत आहेत, असे मेसेज सगळ्या ग्रुपवर. त्या महिन्यात आपल्या वैजापूर तालुक्यातल्या चांडगावच्या शिवारात दरोडेखोर समजून जमावानं काही जणांना मारलं, दोघांचा जीव गेला. शहराला लागून असलेल्या पडेगावात पोट भरायला फिरणाऱ्या दोघांना अफवेवरून मारहाण झाली. आणि १ जुलैला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याच्या आठवडी बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण मारले गेले. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले लोक. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही जण तिथंच गेले.

त्या काळात देशभर फिरलेला एक व्हिडिओ कुठला होता माहीत आहे? कराचीतल्या एका संस्थेनं मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली जागृतीची फिल्म होती ती. मोटारसायकलवरचे दोघे मूल उचलतात, मग परत आणून सोडतात आणि शेवटी संदेश येतो. आपल्याकडं येईपर्यंत शेवट कापलेला होता. म्हणजे उचललेलं मूल तेवढं दिसलं, परत आणून सोडलेलं दिसलंच नाही.

पण फक्त व्हिडिओला दोष देऊन भागत नाही. व्हिडिओनं एवढंच सांगितलं की मुलं पळवणारे आहेत. ते कोण असतील हे त्यात कुठंच नव्हतं. ती रिकामी जागा बघणाऱ्यानं आपल्या डोक्यातून भरली. भगव्या कपड्यातला, झोळीवाला, आपल्या बोलीपेक्षा वेगळं बोलणारा, गावात घर नसलेला. ही प्रतिमा आधीच तयार होती.

ती तयार झाली त्याची एक तारीख सांगता येते. १२ ऑक्टोबर १८७१.

त्या दिवशी इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमाती कायदा केला. १८७१ चा २७ वा कायदा. आधी तो उत्तर भारतापुरता होता, मग बंगाल, आणि १९११ च्या कायद्यानं मुंबई इलाख्यासह सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात. यामागचा जो युक्तिवाद मांडला गेला, तो वाचला की आजही अंगावर काटा येतो, कारण तो इतका ओळखीचा वाटतो. हिंदुस्थानात धंदा जातीनं ठरतो, सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, मग चोराचा मुलगा चोरच होणार. गुन्हा हाच ज्यांचा जातिधंदा आहे अशा जमाती असल्या पाहिजेत. साहेबाला आपली जातिव्यवस्था कळली होती असं म्हणायचं की कळली नव्हती? माझ्या मते त्याला तिची सोय कळली होती. एकेक माणसाचा गुन्हा शोधा, साक्षीदार आणा, कोर्टात सिद्ध करा, यात वेळ आणि पैसा जातो. सगळी जमातच यादीत टाकली की काम सोपं.

या विचाराचं बी त्याआधी पेरलं गेलं होतं, आणि त्यात आपल्या भागाचाही हात आहे. फिलिप मेडोज टेलर नावाचा इंग्रज अधिकारी निजामाच्या नोकरीत होता. त्याची सुरुवातीची नोकरी इथल्याच छावणीतली, पुढं १८५० च्या दशकात तो नळदुर्गचा कारभार बघत होता. धाराशिवकडच्या लोकांना हे नाव अजून ठाऊक आहे. त्यानं १८३९ मध्ये एका ठगाच्या कबुलीजबाबाच्या रूपात कादंबरी लिहिली आणि ती इंग्लंडात तुफान खपली. विलायतेतल्या वाचकाच्या मनात हिंदुस्थानचा रस्ता म्हणजे रुमालानं गळा आवळणारे, वंशपरंपरेनं खुनी असलेले लोक, हे चित्र पक्कं झालं. वाटमारी होत होती, खून होत होते, त्यात खोटं काही नाही. पण १८३६ च्या ठगीविरोधी कायद्यानं एक नवीन पायंडा पाडला. अमुक खून अमुक माणसानं केला हे सिद्ध करायची गरज उरली नाही, तो ठगांच्या टोळीतला आहे एवढं सिद्ध झालं की जन्मठेप. "काय केलंस" च्या जागी "कुणातला आहेस" हा प्रश्न आला. १८७१ च्या कायद्यानं हाच प्रश्न टोळीवरून अख्ख्या जमातीला लावला.

आता यादीत गेलेली माणसं आधी काय करत होती ते बघू. इथं मी जरा थांबणार आहे, कारण हाच भाग आपल्याला सर्वांत कमी माहीत असतो.

बंजारा समाज आज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आहे. सतराव्या शतकात टॅव्हर्निए नावाचा फ्रेंच व्यापारी या मुलखातून फिरला. त्यानं हजारो बैलांचे तांडे धान्य आणि मीठ घेऊन चाललेले पाहिले आणि लिहून ठेवले. दख्खनेत उतरलेल्या मोगल फौजांना धान्य पुरवायचं काम याच तांड्यांचं. पुढं २३ सप्टेंबर १८०३ ला आपल्या शेजारी, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला इंग्रजांनी शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. तो जिंकणारा आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. दख्खनच्या त्या मोहिमेत त्याच्या फौजेचं पोट बंजाऱ्यांच्या बैलांवर अवलंबून होतं, त्याच्या पत्रव्यवहारात ही काळजी जागोजागी दिसते. म्हणजे ज्यांच्या धान्यावर कंपनी सरकार इथं उभं राहिलं, त्यांच्यासारख्याच फिरस्त्यांना त्याच सत्तेनं सत्तर वर्षांत संशयित ठरवलं.

मधल्या काळात झालं काय? रस्ते झाले, रेल्वे आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मनमाडहून आपल्या शहरातून जालना, परभणीकडं लाईन गेली. बैलाच्या पाठीवरचा माल मालगाडीत गेला. मिठावर सरकारी कर आणि पहारा होताच. १८६५ आणि १८७८ चे जंगल कायदे आले, चराई आणि शिकार बंद. पोट भरायचे सगळे रस्ते बंद झाले, आणि तरीही हे लोक फिरतात म्हणजे नक्कीच काहीतरी भानगड, असा निष्कर्ष निघाला. इंग्रजी अमलाला फिरता माणूस मुळातच नको होता. फिरत्या माणसाकडून सारा कसा वसूल करणार?

रामोश्यांचं उदाहरण तर उलट टोकाचं. गडाची आणि गावाची राखण हेच त्यांचं वतन. गावात चोरी झाली तर माग काढायचा, नाही सापडला तर भरपाई द्यायची, ही जबाबदारी रखवालदाराची. पेशवाई गेली, गडावरच्या नोकऱ्या गेल्या, वतनं आटली. उमाजी नाईकांनी बंड केलं, ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात त्यांना फाशी झाली. आणि राखणदाराचं नाव चोराच्या यादीत गेलं.

याच्या उलट एक गोष्ट आपल्या डोंगराची. कन्नड, अजिंठा, सातमाळ्यातले भिल्ल म्हणजे लुटारू, असं कंपनीच्या अधिकाऱ्यांचं ठाम मत होतं. फौजा पाठवून बघितल्या, उपयोग झाला नाही. मग १८२५ मध्ये जेम्स आउट्रमनं त्यांच्यातलेच लोक भरती करून खानदेशात भिल्ल पलटण उभी केली. पगार, गणवेश, शेतीला तगाई. तेच लोक मग सरकारी खजिन्याचा पहारा करू लागले. म्हणजे रक्तात काही नव्हतं, हे सरकारला १८७१ च्या सेहेचाळीस वर्षं आधी स्वतःच्या अनुभवानं कळलेलं होतं. कळूनही कायदा केला. पूर्वग्रह फक्त अडाणीपणातून येतो असं जे म्हणतात त्यांनी या तारखा एकदा शेजारी शेजारी ठेवून बघाव्यात.

कायदा चालायचा कसा? जमात एकदा जाहीर झाली की तिच्या माणसांची नोंदवही. १९११ नंतर बोटांचे ठसेही. ठरलेल्या वेळी पोलिसाकडं किंवा पाटलाकडं हजेरी. नेमून दिलेल्या हद्दीबाहेर जायचं तर दाखला. दाखला नसताना सापडला तर वॉरंटशिवाय अटक. मुलांना आईबापांपासून तोडून वेगळं ठेवायची तरतूद १८९७ च्या दुरुस्तीनं आली, वय चार ते अठरा. चार! आणि सगळ्यात महत्त्वाचं कलम म्हणजे, जमात गुन्हेगार आहे असं सरकारनं जाहीर केलं की ते बरोबर की चूक हे कुठलंही कोर्ट तपासू शकत नव्हतं. अपील नाही. जन्मलेलं मूल मोठं झालं की वहीत.

आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. तिथंही याच धर्तीचा कायदा होता, आणि शेजारच्या नगर, खानदेशात इंग्रजांचा. त्यामुळं सरहद्दीवर फिरणाऱ्या कुटुंबाची दोन्हीकडून कोंडी. इकडून हाकलले की तिकडं बिनदाखल्याचे, तिकडून हाकलले की इकडं.

मुंबई इलाख्यात ओ. एच. बी. स्टार्ट नावाच्या अधिकाऱ्यानं सेटलमेंटची पद्धत पसरवली. विजापूर, सोलापूर, हुबळी, गदग. तारेच्या कुंपणात जमाती ठेवायच्या आणि गिरण्यांत, कामांवर मजूर म्हणून न्यायचं. सुधारणा हा उद्देश कागदावर होता, शाळाही काढल्या. पण सोलापूरच्या गिरण्यांना स्वस्तातले हुकमी कामगारही मिळाले, हे विसरून चालणार नाही. सोलापुरात आजही एका वस्तीचं नाव सेटलमेंट फ्री कॉलनी आहे. तिथला रिक्षावाला हे नाव रोज घेत असेल, त्यातला 'फ्री' कशातून फ्री हे किती जणांना माहीत असेल कोण जाणे.

३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा रद्द झाला. देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षं आणि सोळा दिवसांनी. म्हणून ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन. पण लगोलग वेगवेगळ्या राज्यांत सराईत गुन्हेगार कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९ चा. जमातीचं नाव कायद्यातून गेलं. ठाण्यातल्या माणसांच्या डोक्यातून जायला कायदा पुरत नाही.

आता मुद्द्याचं. ही पोस्ट टाकली की कमेंटमध्ये एक वाक्य येणारच. "पण साहेब, त्यांच्यातले लोक चोऱ्या करतात हे खोटं आहे का?"

नाही, खोटं नाही. काही जण करतात. लातूरच्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांनी आपल्याच समाजाचं आणि घरचं हे सगळं 'उचल्या' मध्ये न लपवता लिहिलं, १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्या पुस्तकाला मिळाला. मराठवाड्यातल्या माणसानं निदान ते एक पुस्तक वाचायला हवं. प्रश्न चोर आहेत की नाहीत हा नाही. आपण मोजतो कसं हा आहे.

समजा, एका गावात हजार माणसं आहेत. साडेनऊशे गावातली, पन्नास पालातली. समजा, दोन्हीकडं चोरी करणाऱ्यांचं प्रमाण अगदी सारखं आहे, शंभरात दोन. म्हणजे गावातले एकोणीस चोर आणि पालातला एक. आता चोरी झाली की दर वेळी झडती फक्त पालाची होते. गावातल्या एकोणीस जणांच्या घरी कुणी जातच नाही. वर्षाच्या शेवटी रजिस्टर काढलं तर पकडलेला चोर एक, आणि तो पालातला. शंभर टक्के! झालं, पुरावा तयार. पुढच्या वर्षी पोलीस आणि गावकरी दुप्पट खात्रीनं पालावर जातात, कारण आता त्यांच्याकडं आकडा आहे. आणि मार पडला की न केलेला गुन्हाही माणूस कबूल करतो, तो आकडा आणखी वेगळा.

१८७१ च्या कायद्यानं हेच देशभर आणि ऐंशी वर्षं केलं. आधी यादी केली, मग यादीतल्यांनाच पकडलं, मग पकडलेल्यांची संख्या दाखवून यादी बरोबर असल्याचं सांगितलं. हजेरी चुकली हाच गुन्हा, बिनदाखल्यानं बाजाराला गेला हाच गुन्हा, आणि असे गुन्हे त्या जमातीच्या खात्यावर. यादीत असलेल्याला कुणी काम देईना, काम नाही म्हणून काही जण खरंच चोरीकडं वळले, तेही खात्यावर. पूर्वग्रह असा स्वतःच स्वतःचा पुरावा तयार करतो. म्हणून त्याच्याशी वाद घालणं इतकं अवघड जातं. समोरचा खोटं बोलत नसतो, त्यानं पाहिलेलंच सांगत असतो. त्याला दाखवलंच तेवढं गेलेलं असतं.

मानसशास्त्रात यावर बरंच काम झालं आहे. पीटर वेसन नावाच्या इंग्लंडमधल्या संशोधकानं १९६० मध्ये एक साधा खेळ करून बघितला. लोकांना दोन-चार-सहा हे तीन आकडे दिले आणि यामागचा नियम ओळखा म्हणाला. स्वतःचे तीन आकडे सांगायचे, ते नियमात बसतात की नाही तो सांगणार. बऱ्याच लोकांना वाटलं, दोन-दोननं वाढतात. मग त्यांनी विचारलं आठ-दहा-बारा. हो, बसतात. वीस-बावीस-चोवीस. हो. ठरलं. पण खरा नियम होता, आकडे फक्त चढते पाहिजेत. एक-दोन-तीनही बसले असते. आपला अंदाज खोटा पाडेल असे आकडे विचारून बघायचं पुष्कळांना सुचलंच नाही. पालावर झडती घेणारा जमादार आणि हा खेळ खेळणारा शिकलेला माणूस, दोघांचं एकच. आपलं बरोबर ठरेल तिथंच दोघेही बघतात.

दुसरी खोड अशी की आपला माणूस चुकला तर आपण परिस्थिती बघतो, दुसऱ्याचा चुकला तर जात बघतो. पतसंस्था बुडवणारे संचालक आपल्या मराठवाड्यानं थोडे पाहिले का? हजारो ठेवीदारांचे पैसे गेले. कुणी म्हटलं का की अमक्या जातीची टोळी जेरबंद? नाही. तिथं माणसाचं नाव येतं, पद येतं, "वैद्यकीय कारणास्तव" दवाखान्यात दाखल झाल्याची बातमी येते. आणि तीन हजारांची केबल चोरली की बातमीत जमात. आमच्या धंद्यातली ही जुनी रीत आहे, पोलिसांच्या प्रेसनोटमधून उचलून थेट मथळ्यात. तपासाला त्याचा उपयोग शून्य.

आणि भाषा. मराठीत फसवणाऱ्याला आपण सर्रास भामटा म्हणतो. "भामट्यानं वृद्धेला गंडवलं", आठवड्यातून दोनदा तरी छापून येतं. भामटा हे विमुक्त जातींच्या सरकारी यादीतलं एका समाजाचं नाव आहे. बेरड म्हणजे निर्ढावलेला, असं आपण सहज बोलतो. बेरड हीसुद्धा त्याच यादीतली जात. त्या समाजातली शाळकरी मुलगी रोजचा पेपर वाचत असेल तर तिला काय वाटत असेल? ठग, लफंगा, लुच्चा, हे शब्द मराठीत आहेतच की, गंडवणाऱ्याला तेवढे पुरे आहेत.

मग करायचं काय? प्रवचन देणार नाही, तो माझा प्रांत नाही. पण २०१८ च्या त्याच १ जुलैच्या रात्री, राईनपाड्यापासून फार लांब नाही, मालेगावात काय घडलं ते सांगतो. तिथंही तीच अफवा. एक फिरतं कुटुंब, त्यात दोन वर्षांचं लेकरू. जमाव जमला, मारहाण सुरू झाली. पण गल्लीतल्याच काही जणांनी त्यांना ओढून एका घरात घेतलं आणि दार लावलं. पोलीस आले, जमावानं पोलिसांची गाडी उलटवली, तरी ते हटले नाहीत. कुटुंब जिवंत राहिलं. एकाच दिवशी, एकाच अफवेवर, दोन गावांत दोन गोष्टी घडल्या. फरक कशाचा? मालेगावच्या लोकांच्या मनात त्या रात्री संशय नव्हता असं मला वाटत नाही. पण काही लोकांनी संशय आणि मारहाण यांच्यामध्ये एक दार लावलं, पोलीस येईपर्यंत वेळ काढला. मनातला पूर्वग्रह एका रात्रीत जात नाही, हात मात्र आवरता येतो.

म्हणून मला वाटतं, मनं बदलायच्या मोठ्या गोष्टी करण्यापेक्षा मध्ये अशी दारं लावून ठेवावीत. सरपंच आणि पोलीस पाटील यांनी पालं उतरली की हाकलायच्या आधी जाऊन नावं विचारावीत, कुठून आले, किती दिवस आहेत, लेकरं किती, शाळेत कुणी आहे का. हाक मारायला नाव असलं की तो माणूस टोळी राहत नाही. अनोळखी माणसाचा फोटो ग्रुपवर आला तर ॲडमिननं तो आधी पोलीस ठाण्यात पाठवावा, ग्रुपवर नाही. आणि चोरी झाली की स्वतःला एकच प्रश्न विचारावा, जो मी या भागातल्या एका निवृत्त फौजदाराकडून ऐकला. ते म्हणायचे, "घरात पैसा कुठं ठेवलाय हे पालातल्या माणसाला कसं कळलं, ते आधी सांगा." अर्ध्या तक्रारींची दिशा इथंच बदलायची म्हणे.

शेवटी एक बातमी, जी आपल्याकडं आतल्या पानावर गेली. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार या खटल्यात निकाल दिला. सुकन्या शांता या मुंबईच्या पत्रकार. तुरुंगात जातीवरून कामं वाटली जातात यावर त्यांनी बातम्या केल्या आणि मग थेट न्यायालयात गेल्या. निकालात तुरुंग नियमावलीतल्या जातीच्या तरतुदी घटनाबाह्य ठरल्या, कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढायला सांगितला, आणि सराईत गुन्हेगार कुणाला म्हणायचं ते जमातीवरून ठरवता येणार नाही असं स्पष्ट केलं. विमुक्त जातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये म्हणून अटकेबाबतच्या आधीच्या निकालांचं पालन करण्याचे आदेशही पोलिसांना दिले. १८७१ पासून मोजलं तर एकशे त्रेपन्न वर्षं. तुमच्या ओळखीत वकील असेल, पोलीस पाटील असेल, तर हा निकाल त्यांना पाठवा. पालावर पहाटे गाडी आली की तिथल्या माणसाकडं हा कागद असायला हवा, आणि आज तो बहुतेकांकडं नाही.

एक विनंती आहे. आपल्या जिल्ह्यात, जालना, बीड, नगरच्या सरहद्दीवर ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी हजेरी दिली आहे, ज्यांच्या घरात जुने दाखले, पास, निजामाच्या काळातले उर्दू कागद पडलेले असतील, त्यांनी कृपया मला मेसेज करा. कागद देऊ नका, फोटो पुरेल. उर्दू वाचून देणारे जुने लोक शहागंजात आणि रोशन गेटला अजून आहेत, आणि त्यांचीही वयं झालीत.